घासलेला नादकाटा

३ एप्रिल

वहिनी,

फोनवर तू 'हं' पलीकडे काही बोलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. कागद पाठवला की निदान उत्तर द्यावं लागतं.

आधी कामाचं. तुफानला गिटार लावायला त्याचा नादकाटा हवाय. दादाने नेहमीसारखा हिवाळ्याच्या सुट्टीत साफ करायला म्हणून घरी नेला होता, आणि मग दादाच गेला. तीन महिने कुणाला त्या काट्याची आठवण नव्हती, कारण तुफान कुठे गातच नव्हता. आता इथल्या उन्हाळी जत्रेत त्याचे दोन कार्यक्रम ठरलेत, शनिवार आणि रविवार, मोठ्या मैदानावर. वय वर्षं अडुसष्ट! भिंती पोस्टरांनी भरल्यात: 'तोच आवाज, तीच आग.' मला विचारलं असतं तर 'तीच कंबर' हेही टाकायला सांगितलं असतं.

परवा नव्या जाकिटासाठी त्याचं माप घेतलं. छाती बेचाळीस, पोटाचं विचारू नकोस. टेप पाठीमागे धरून मी मोठ्याने म्हणाले, "अडतीस." तो आरशात बघत म्हणाला, "बघितलंस? पंचवीस वर्षांत एक इंच हललो नाही." माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून वाचले, नाहीतर हसू फुटलं असतं. कापड बेचाळीसचं कापलं आणि आत बिल्ला अडतीसचा शिवला. दादा काटा घासायचा, मी बिल्ला शिवते. आपल्या घराला दुसरा धंदाच नाही, त्याला तरुण ठेवायचा.

तेव्हा बाजारातून नवा काटा आणायचं त्याच्या डोक्यात यायच्या आत तो जुना पाठव. खऱ्या काट्यावर गायला लागला तर पहिल्याच गाण्यात तोंडावर आपटेल, हे तुला माहीत, मला माहीत. त्याला नाही.

आणि एक. मासिकात त्याची मुलाखत आली आहे. तुझ्या हाती लागलीच तर मनाला लावून घेऊ नकोस. त्याच्या तोंडाला झाकण नाही, मनात काही नसतं.

तुझी नणंद


११ एप्रिल

वन्सं,

मासिक हाती लागलं. दवाखान्याच्या धोबीखान्यात वरच्या मजल्यांवरून चादरी खाली येतात, त्यांत गुंडाळून रुग्णांची मासिकं येतात. ती मी वाचते हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे. ह्या वेळी मुकादमीणबाईंनी पान दुमडूनच दिलं. म्हणाल्या, "तुमच्या ह्यांच्याबद्दल आहे वाटतं."

त्यात तो म्हणतो, 'माझा तारा लावणारा माणूस शेवटी शेवटी ठार बहिरा झाला होता. आम्ही त्याला कान म्हणायचो, पुढे पुढे त्या नावाचीच चेष्टा झाली. मी विचारायचो एक, तो बघायचा भलतीकडे. दया येऊन ठेवून घेतला. गिटारी मीच लावायचो.' खाली फोटो आहे. तुमचं जाकीट छान बसलंय.

तो काय विचारायचा ते मी सांगते. कार्यक्रम संपला की घामाने निथळत यायचा आणि विचारायचा, "कान, पट्टी तीच आहे ना रे? पूर्वीचीच?" ह्यांना काटा घासता येत होता, तोंडाने खोटं बोलता येत नव्हतं. मग ते ऐकूच न आल्यासारखं करायचे. खाली मान घालून वायरींची भेंडोळी करत बसायचे. तो वैतागून निघून जायचा. अठरा वर्षं हे चाललं. त्याचा हा बहिरेपणा झाला.

शेवटच्या आठवड्यात ह्यांना उशीला टेकूनही श्वास पुरत नव्हता. मी चहाला किटली ठेवली. आतल्या खोलीतून म्हणाले, "शिट्टी चढलीय ग, झाकणाचं भोक बुजत आलंय बघ." पाहिलं तर बुजत आलं होतं. हा तुमचा भाऊ, बहिरा.

काटा माझ्याजवळ आहे. पाठवीन. पण शनिवारी पहिलं गाणं म्हणायच्या आधी त्याने माईकवर एक वाक्य म्हणायचं: 'त्याचा कान शेवटपर्यंत पक्का होता.' पाच शब्द आहेत. एवढं त्याला वचन म्हणून विचारा आणि मला कळवा.

ह्यांनी जाताना माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं. "काट्याचं त्याला कधी कळू देऊ नकोस. मोडून जाईल." म्हणून मी मासिकवाल्यांना काही लिहीत नाही. ते वाक्य तेवढं मागते.

तुमची वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

झालं तुझ्या मनासारखं. विचारलं त्याला. आधी मान उडवली, मग म्हणाला, "म्हणेन की. माझं काय जातंय त्यात?" मोठ्या मनाचा आहे तो, तुला नाही पटायचं.

आता तरी काटा पाठव, रजिस्टर करून. तालमी सुरू व्हायच्या आत हवाय. आणि ती मासिकं वाचणं कमी कर. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला सही येत नव्हती, घरात किती शांतता होती!

तुझी नणंद


२२ एप्रिल

वन्सं,

शांतता होती खरी. माझ्या माहेरची पत्रं तुम्ही मला वाचून दाखवायचात. आई आजारी आहे हे तुम्ही तीन पत्रं गाळलंत, कारण मी माहेरी गेले असते तर स्वयंपाक तुमच्यावर आला असता. वाचायला शिकल्यावर ट्रंकेतली जुनी पत्रं काढून वाचली, तेव्हा कळलं. तोवर आई जाऊन चार वर्षं झाली होती. हे मी कधी काढलं नाही. आज तुम्ही शांततेचं काढलंत म्हणून लिहिलं.

काटा सोबतच्या डबीत आहे. कापसात गुंडाळला आहे, पाडू नका. ह्या हिवाळ्यात ह्यांनी त्याला शेवटची कानस लावली. अंथरुणात बसून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून. टोकाशी घासलं तर स्वर चढतो, दोन दांड्या जिथे मिळतात तिथे घासलं तर उतरतो, हे मला त्यांनीच दाखवलं होतं. दर वर्षी जरासंच. घासायचे, कानाशी धरायचे, डोळे मिटायचे, पुन्हा घासायचे, मग खुणा दिसू नयेत म्हणून पॉलिश करायचे. अठरा वर्षांत पुऱ्या दोन पट्ट्या खाली आणला. तुफानचा गळा किती उतरला ते ह्यांना दर वर्षी त्याच्याआधी कळायचं.

जोडीतला दुसरा काटा ह्यांचा. दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतले होते, विशीत. दिसायला सारखेच. त्याला कानस कधी लागली नाही. तो मी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा वाजवून ऐकते. बायका आता हसत नाहीत.

मी जत्रेला येते आहे. माझं तिकीट मी काढलं आहे. ते वाक्य मला माझ्या कानाने ऐकायचंय.

तुमची वहिनी


११ मे

वहिनी,

परवा कार्यक्रम मोडल्यावर मैदानभर शोधलं तुला. गाईंच्या मांडवापर्यंत जाऊन आले. आणि तू बसमध्ये बसून मोकळी!

तो खोलीत कोंडून घेऊन बसलाय. गुळण्या, वाफारे, गळ्याला फडकं. घशाच्या डॉक्टरने दोनदा आत बघून सांगितलं, "गळा उत्तम आहे, वयाच्या मानाने." 'वयाच्या मानाने' ऐकून तो डॉक्टरवर ओरडायला गेला, तर ओरडताही येईना. त्याला वाटतंय एका रात्रीत आवाज गेला. मला विचारत होता, "माणूस मरायच्या आधी असं होतं का ग?" पुढचे सगळे कार्यक्रम रद्द करायला निघालाय.

मी काय ते लगेच ओळखलं. काटा गुपचूप वाद्यांच्या दुकानात नेला आणि यंत्रापुढे धरायला लावला. दुकानदार म्हणाला, "बाई, इतका शुद्ध काटा हल्ली बघायला मिळत नाही." म्हणजे दादाचा! तू बदललास.

शनिवारचं म्हणशील तर ऐक. वाक्याचं मी त्याला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तो हसला असता आणि तू काटा दाबून ठेवला असतास. माझी चार जाकिटं मशीनवर होती. मी काय करायचं होतं?

पण त्यासाठी तू हे करावंस? दादाने त्या माणसाला अठरा वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि तू एका संध्याकाळीत मारलंस. घासलेला काटा ताबडतोब पाठव. माझ्यासाठी नको, दादासाठी पाठव.

तुझी नणंद


१६ मे

वन्सं,

काटा माझ्याजवळ आहे. तो द्यायचा की नाही ते शेवटी लिहिते. आधी दोन्ही दिवसांचं लिहिते, कारण तुम्ही बघत होतात आणि मी ऐकत होते.

शनिवारी तो चांगला गायला. खोटं कशाला लिहू? ऊन उतरलं नव्हतं, शेजारच्या मांडवातून गाई हंबरत होत्या, आकाशपाळण्यातली माणसं वरून ओरडत होती, आणि तो आला आणि पहिल्या ओळीत सगळ्यांना गप्प केलं. माझ्या पुढे एक पांढऱ्या केसांची बाई कॉलेजातल्या मुलीसारखी नाचत होती. वरच्या जागेवर त्याचा आवाज सहज गेला आणि तिथे उभा राहिला. ती जागा ह्यांनी अंथरुणात बसून त्याच्यासाठी खाली आणून ठेवली होती. मला रडू आलं. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात.

वाक्य पहिल्या गाण्याआधी आलं नाही. म्हटलं, विसरला असेल, दुसऱ्या गाण्यानंतर येईल. तिसऱ्यानंतर तो ह्यांच्याबद्दल बोलला. "माझा एक तारा लावणारा होता, त्याला आम्ही कान म्हणायचो. बहिरा ठार! मी म्हणायचो, गिटार दे. तो म्हणायचा..." आणि कानामागे हात धरून, तोंड वाकडं करून, "काय?" लोक हसले. मग तो म्हणाला, "सगळे मिळून!" मैदानभर लोकांनी कानामागे हात धरले आणि ओरडले, "काय?" तीनदा. वन्सं, तुमचाही हात कानाकडे गेला. मी बघितलं. डास हाकलत असाल कदाचित.

रविवारी सकाळी मी त्याच्या तंबूत गेले. वाक्याचं मीच विचारणार होते. तो आरशापुढे बसून केसांना रंग लावून घेत होता. मला आरशातच बघून म्हणाला, "कानची बायको ना तू?" मी हो म्हटलं. मी पुढे बोलायच्या आत त्याने काटा माझ्याकडे टाकला. "घे, चकचकीत कर जरा. तो छान पुसायचा. तेवढं मात्र यायचं त्याला."

मी स्टुलावर बसले, पिशवीतून रुमाल काढला आणि दोन्ही काटे पुसले. मग ह्यांचा त्याला दिला आणि त्याचा रुमालात गुंडाळला. रागाच्या भरात झालं असं कुणी म्हणू नये म्हणून लिहिते. राग शनिवारी होता. रविवारी माझे हात अगदी थंड होते.

त्याने संध्याकाळी रोजच्यासारखा काटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, गिटार लावली. बाकीच्या दोघांनी त्याच्यावरून आपापल्या लावल्या. पहिल्या गाण्याची सुरुवात खालची आहे, ती निभली. फक्त कपाळाला आठी पडली. मग ती चढण आली, जिथे लोक त्याच्याबरोबर हात वर करतात. हात वर गेले. आवाज गेला नाही. धोबीखान्यात जुनी चादर यंत्रात पिळताना मधोमध फाटते, तसा आवाज झाला. लोकांना वाटलं मुद्दाम केलं, त्यांनी टाळ्या दिल्या. तो थांबला, पाणी प्याला, साउंडवाल्याला शिव्या घातल्या. काटा पुन्हा आपटून ऐकला. गिटार बरोबरच होती. दुसरं गाणं. ते अर्ध्यावर सोडलं. पुन्हा काटा. माईकसमोर धरून आपटला, सगळ्या मैदानाला ऐकू गेला. इतका गोड स्वर त्या दोन दिवसांत तिथे दुसरा झाला नसेल. मग तिसरं गाणं, त्याचं सगळ्यात गाजलेलं. त्यात तो ओरडला, मग नुसता ओठ हलवत राहिला.

तेव्हा मागच्या बाजूने कुणीतरी कानामागे हात धरला आणि ओरडलं, "काय?" मग त्याच्या शेजारच्याने. मग सगळ्यांनी. आदल्या दिवशी त्यानेच शिकवलं होतं, फार छान शिकले होते. तो त्यांच्याकडे बघत उभा होता आणि लोक त्याला विचारत होते, "काय? काय?" ती पांढऱ्या केसांची बाईसुद्धा. मी हात मांडीवर ठेवून बसले. तो आत जाईपर्यंत बसले. तुमच्या जाकिटाचा एक टाका उसवला नाही.

मला वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. बसमध्ये बसून वाट पाहिली. नाही वाटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा मी गाढ झोपले, कंडक्टरने शेवटच्या थांब्यावर उठवलं.

आता काट्याचं. तो त्याला मिळेल. त्याआधी हे पत्र तुम्ही त्याला वाचून दाखवायचं. पूर्ण. माझ्या आईची पत्रं वाचायचात तसं नाही. आधीच्या पत्रांतलंही सांगायचं: ह्यांनी काटा कसा आणि किती घासला ते, ते उत्तर का देत नव्हते तेही, आणि जाकिटाच्या आत अडतीसचा बिल्ला लावून बाहेर बेचाळीसचं कापड कोण शिवतं, तेही. मग त्याने ते वाक्य मासिकात सांगायचं. छापून आलं की त्याच दिवशी काटा पोस्टात टाकीन.

नाहीतर हे फाडून टाका. आपला गळा गेला असं समजून तो गप्प बसेल, तुमचा बिल्ला सुखरूप राहील, आणि मी ह्यांना दिलेला शब्दही. ठरवायचं तुम्ही. शब्द मोडायचाच तर माझ्या एकटीच्या तोंडून तो मोडायला नको.

तुमची वहिनी


३० मे

वहिनी,

वाचलं. एक ओळ गाळली नाही.

फाडणार होते. चार दिवस पत्र मशीनच्या खणात ठेवलं. पण तो जेवेना. "आवाज गेला तसा जीवही जाईल," म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग खुर्ची ओढली आणि वाचायला लागले. गळ्याला फडकं बांधून तो ऐकत होता. तुझ्या 'सगळे मिळून'पाशी डोळे मिटले. जाकिटापाशी उघडले.

उठला, खुंटीवरचं जाकीट काढून माझ्यापुढे टाकलं. "उसव." मी बिल्ला उसवला. मग टेप स्वतःच छातीभोवती गुंडाळला आणि म्हणाला, "वाच, मोठ्याने." मी म्हटलं, "बेचाळीस." म्हणाला, "पुन्हा." पाच वेळा म्हणायला लावलं मला, मोलकरणीसमोर. मग विचारलं, "आणि काटा?" मी सांगितलं, "दोन पट्ट्या." "कधीपासून?" "अठरा वर्षं." मग अगदी हळू: "तो माझ्यामागे हसायचा का ग?" मी म्हटलं, "दादा? नाही. कधीच नाही." तेव्हा रडला. दादा गेला तेव्हा तू रडलीस त्याच्याहून जास्त रडला.

रडून झाल्यावर मला म्हणाला, "तुझं मशीन उचल आणि चालती हो." वीस वर्षांचं काम वहिनी, दहा मिनिटांत. आता त्याच्याकडे दुसरा शिंपी येतो, टेप समोरून धरतो. मी शाळेच्या गणवेशांना बटणं लावते.

तुझं वाक्य तो सांगणार आहे. मी दारात असताना म्हणाला, "कळव तिला. तिचं वाक्य तिला मिळेल."

नणंद


२ सप्टेंबर

वहिनी,

कात्रण सोबत आहे. उघडून बघितलं असशीलच, तरी माझ्या हाताने पुन्हा उतरवते, माझ्या वाचण्यावर तुझा भरवसा नाही ना:

'त्याचा कान शेवटपर्यंत पक्का होता. म्हणून तर अठरा वर्षं मला फसवू शकला. बहिरा असता तर मी त्याला माफ केलं असतं.'

शब्दाला शब्द आहे, मोजून घे. आधीचं वाक्य तू मागितलंस, पुढची दोन त्याने आपल्या मनाने घातली.

काटा पाठवायची तसदी घेऊ नकोस. तो आता खुर्चीत बसून गातो, खालच्या पट्टीत, हळू. गिटारीच्या डोक्यावर चिमट्यासारखं ते यंत्र लावतो, लोकांना दाखवून लावतो. गाण्यांच्या मध्ये दादाची गोष्ट सांगतो. सख्ख्या भावासारखा मानलेला माणूस, रोज आपल्या हाताने काटा पुसून देणारा, आणि त्याने केलेली फसवणूक. शेवटी म्हणतो, "ह्या वयात मला माझा खरा आवाज सापडला." बायका डोळे पुसतात. मी मागच्या रांगेत उभी राहून ऐकून आले. पूर्वी इतकी गर्दी कधी नसायची.

परवा दुकानात एकाने मला थांबवलं. "तुम्ही त्या फसव्याच्या बहीण ना?" बहिऱ्याची बहीण म्हणून मला कधी कुणी थांबवलं नव्हतं, वहिनी. बहिरा कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

नणंद


९ सप्टेंबर

वन्सं,

कात्रण मिळालं.

मासिकवाल्यांना लिहायला बसले होते. ह्यांनी फसवलं नाही, सांभाळलं, असं. दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा पुढे लिहावं लागत होतं की त्यांनी हे कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मग कळवलं कुणी तेही लिहावं लागत होतं. दोन्ही कागद फाडले. निम्मा दोष तुमच्यावर ढकलायचा बेत होता माझा. तुम्ही फक्त वाचलंत. लिहिलं मी होतं.

काम गेल्यामुळे तुम्हाला तिथे जड जात असेल. इथे येऊन राहा, असं लिहिणार होते. एक खोली रिकामी आहे. पण लिहीत नाही. आपण दोघी समोरासमोर बसलो तर त्यांच्याबद्दल बोलणं निघेल, आणि आता तुम्ही काही म्हणालात तर मला उत्तर देता येणार नाही.

मला जे वाक्य हवं होतं, ते कात्रीने कापून घेतलं. पाचच शब्द, नखाएवढी पट्टी निघाली. पुढची दोन वाक्यं बंबात घातली. पट्टी एका जाड पुस्तकात ठेवली आहे. कामावरून आले की काढते आणि वाचते. छापलेलं आहे, त्याच्या नावाने आहे, आणि खरं आहे.

वाचून पुस्तक मिटते. पुढची दोन वाक्यं मला पाठ आहेत, ती त्याच्याच आवाजात येतात.

तुमची वहिनी